वेस्टमिन्स्टरचा दगड आणि लंडनचा धूर

१६ ऑक्टोबर १८३४ च्या रात्रीं वेस्टमिन्स्टर येथील जुनें पार्लमेंट-भवन आगींत भस्मसात् झालें. नवें भवन शतकानुशतकें टिकावें अशी सर्वांची इच्छा होती. त्यासाठीं दगड निवडण्याचें काम चौघांकडे आलें: वास्तुशिल्पी चार्ल्स बॅरी, भूगर्भशास्त्रज्ञ विल्यम स्मिथ व हेन्री डे ला बेश, आणि दगडाच्या घडणींत मुरलेला चार्ल्स स्मिथ. त्यांनीं खाणी पालथ्या घातल्या, जुनीं चर्चें पारखलीं. साउथवेल येथील बाराव्या शतकांतील चर्चवरचें नक्षीकाम अद्याप धारदार होतें. तें मॅग्नेशियमयुक्त चुनखडीच्या दगडाचें होतें. सात शतकांच्या उन्हापावसाहून मोठा साक्षीदार कोठून आणावा? १८३९ च्या अहवालांत त्याच जातीच्या बोल्सोव्हर मूरच्या दगडाची शिफारस झाली. तेथें पुरेशा मोठ्या शिळा मिळेनात, म्हणून माल यॉर्कशायरमधील ऍन्स्टनच्या खाणींतून आला.

पाया १८४० सालीं घातला गेला, आणि १८४९ पर्यंत दगडाचे पापुद्रे सुटूं लागले!

खाणींतून येणारी प्रत्येक शिळा पारखून घेण्यास कोणी नेमलेला नव्हता. कच्चा मालही भिंतींत गेला. हा दोष लहान नव्हे. पण खरें कारण हवेंत होतें. साउथवेलचा दगड टिकला तो खेड्याच्या हवेंत. लंडनच्या घराघरांत दगडी कोळसा जळत होता. जॉन एव्हलिन यानें तर १६६१ सालींच राजा दुसऱ्या चार्ल्सपुढें गाऱ्हाणें मांडलें होतें कीं, हा धूर लोखंड व कठीण पाषाणही खातो. मँचेस्टरच्या पावसांतील आम्लाचें रासायनिक परीक्षण १८५२ सालीं प्रसिद्ध झालें. तें करणाऱ्या रॉबर्ट अँगस स्मिथ यानेंच (स्मिथ आडनांवाचा या कथेंतील हा तिसरा गृहस्थ) १८७२ च्या आपल्या ग्रंथांत ‘आम्ल पाऊस’ हा शब्दप्रयोग केला.

कोळशांत गंधक असतो. तो जळला म्हणजे निघणारा वायु हवेंतील दंवाशीं मिळून अखेर गंधकाम्ल बनतें. चुनखडीवर त्याची क्रिया झाली कीं जिप्सम तयार होतें, आणि काजळी धरून त्याची काळी खपली जमते. ऍन्स्टनच्या दगडांत मॅग्नेशियम असल्यानें आणखी एक क्षार उपजला: जुलाबाचें औषध म्हणून घरोघरीं ठाऊक असलेलें एप्समचें मीठ. तें पाण्यांत सहज विरघळून दगडाच्या छिद्रांत शिरतें, आणि सुकतांना त्याचे स्फटिक वाढून दगडास आंतून फोडतात. गंमत अशी कीं, पाऊस जेथें थेट पडे तेथें हे क्षार धुऊन जात. कंगोऱ्यांच्या आडोशाला, जेथें भिंत सुरक्षित वाटावी, तेथेंच झीज अधिक होई.

बॅरी १८६० सालीं वारला. पुढल्याच वर्षीं चौकशी-समिती बसली. नाना प्रकारचे लेप लावून पाहण्यांत आले, पण पोखरणारा क्षार लेपाच्या आंतच होता. पुढें खालून जाणाऱ्यांच्या डोक्यावर दगड पडतील या भीतीनें कित्येक शिखरें व शोभेचे भाग उतरवून घ्यावे लागले. अखेर १९२८ सालीं क्लिपशॅमचा मधासारख्या रंगाचा दगड बसविण्याचें ठरलें. मध्यें महायुद्ध आलें. हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याचा कायदा जुलै १९४७ मध्यें याच भवनांत संमत झाला, तेव्हांही भिंतींचें काम अपुरेंच होतें. तें पुढें संपलें.

नवा दगडही चुनखडीचाच. मात्र डिसेंबर १९५२ च्या धुरकट धुक्यानें लंडनांत हजारों माणसें दगावलीं, तेव्हां १९५६ सालीं शुद्ध हवेचा कायदा झाला आणि घरगुती कोळशाच्या धुरावर बंधनें आलीं. एवढ्या वर्षांत दगडासाठीं जें झालें नव्हतें, तें माणसें मेल्यावर झालें. १९८१ ते १९९४ या काळांत भवनाच्या भिंतींवरील काजळी धुऊन काढण्यांत आली, आणि क्लिपशॅमचा मूळचा रंग पुन्हां दिसूं लागला.