तुंबडी आणि कंबरेची उसण

कंबरेंत उसण भरली म्हणजे शहाणासुरता मनुष्यही सांगेल तो उपाय करावयास तयार होतो. लेप, शेक, चोळणें हें सर्व करून झालें, कीं पूर्वी तुंबडी लावणाऱ्या वैदूस हांक जात असे. हा अडाणी लोकांचा उपाय, असें समजून सुशिक्षित वर्ग त्यास हंसतो. परंतु इतिहास पाहूं गेल्यास असें दिसतें, कीं एके काळीं मोठमोठे विद्वान वैद्य ह्या उपायाच्या बाजूचे होते. तेव्हां तो इतकीं शतकें कां टिकला, ह्याचा विचार करणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

तुंबडी म्हणजे मूळचा वाळवून पोकरलेला भोपळा. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांत, तेराव्या अध्यायांत, दूषित रक्त काढण्याचीं साधनें सांगितलीं आहेत: वातदोषास शिंग, पित्तदोषास जळू आणि कफदोषास भोपळा. शिंग तोंडानें ओढावयाचें, भोपळ्यांत दिवा ठेवावयाचा. तिकडे रोमन ग्रंथकार सेल्सस ह्यानें इसवी सनाच्या पहिल्या शतकांत दोन प्रकारच्या तुंबड्या वर्णिल्या. एक कांशाची, तींत जळती चिंधी टाकीत. दुसरी शिंगाची, ती टोंकाच्या भोकांतून ओढून भोक मेणानें बुजवीत. दोन दूरदूरच्या देशांत साधन जवळजवळ एकच!

त्याची क्रियाही सोपी आहे. आंतली तापलेली हवा निवली म्हणजे तिचा दाब उतरतो आणि कातडी वर ओढली जाते. बारीक रक्तवाहिन्या फुटून तांबडें-काळें वर्तुळ उमटतें. हें वर्तुळ म्हणजे बाहेर निघालेलें विष, अशी समजूत आहे. वस्तुतः तें मुका मार लागल्यावर सांकळणाऱ्या रक्तासारखेंच होय. क्रिया एक, उपपत्ति मात्र निराळी. सुश्रुतानें दोषांचें नांव घेतलें, ग्रीक वैद्यांनीं शरीरांतील रसांचें. उपपत्ति बदलल्या, तुंबडी राहिली.

१९व्या शतकाच्या आरंभीं लंडनांत तर हा स्वतंत्र धंदाच झाला होता. भोपळ्याची जागा कांचेच्या पेल्यानें घेतली; कमानीच्या जोरावर अनेक पातीं एकदम कातडींत उतरविणारी पितळी पेटी प्रचारांत आली. टॉमस मेपल्सन ह्यानें १८१३ मध्यें ह्या कलेवर ग्रंथ लिहिला. तुंबडी लावण्याजोग्या विकारांच्या त्याच्या यादींत कंबरदुखी आहे. परंतु बहिरेपणा, वेड आणि दारूची धुंदीही आहे! जें औषध सर्वांवर चालतें असें मानिलें, तें कशावर खरोखर चालतें हें पाहण्याची गरजच कोणास भासत नाहीं.

ती गरज पॅरिसच्या प्येर लुई ह्यास भासली. फुप्फुसदाहाच्या रोग्यांचें रक्त काढल्यानें काय घडतें, हें त्यानें रोगी मोजून पाहिलें आणि १८३५ मध्यें दाखविलें, कीं रक्तस्रावाचा गुण समजतात त्याहून पुष्कळच थोडा. त्यानें कंबरदुखी तपासली नव्हती. परंतु मोजण्याची वाट घालून दिली. तरी जुनी संवय सहज सुटत नाहीं. १९२९ मध्यें पॅरिसच्याच एका रुग्णालयांत तुंबड्या लावीत असल्याचें जॉर्ज ऑर्वेल ह्यानें स्वानुभवानें लिहून ठेविलें आहे. पुढें २०१६ च्या रिओ ऑलिंपिकांत मायकेल फेल्प्स ह्याच्या खांद्यांवरील वर्तुळें सर्व जगानें पाहिलीं.

मग कंबरदुखीस गुण येतो तो खोटा काय? तसें नव्हे. अलीकडील कांहीं चाचण्यांत दुखणें थोडें उतरल्याचें आढळलें आहे. पण चाचण्या बहुधा लहान, आणि लटकी तुंबडी लावून रोग्यास फसविणें कठीण. शिवाय नवी उसण बहुतेक वेळां कांहीं आठवड्यांत आपोआपच ओसरते. दुखणें अगदीं असह्य झाल्यावर जो उपाय केला, त्याच्या पदरीं हें यश पडतें. सुश्रुताच्या काळींही कंबर अशीच बरी होत असली पाहिजे. तुंबडीच्या दीर्घायुष्याचें मोठें कारण आमच्या मतें हेंच.

म्हणून कोणी कोरडी तुंबडी लावून समाधान मानिलें, तर त्यास हंसण्याचें कारण नाहीं. परंतु जेथें कातडी चिरून रक्त काढतात, तेथें अस्वच्छ हत्यारानें रोग जडण्याचें भय असतें. आणि कंबरेबरोबर पाय लुळा पडूं लागला, लघवी अडली किंवा ताप आला, तर एक दिवसही न दवडतां डॉक्टरकडे जावें. उपाय प्राचीन आहे, एवढ्यानें तो खरा ठरत नाहीं आणि खोटाही ठरत नाहीं. किती जणांस गुण आला, आणि तुंबडीवांचून किती जणांस आला असता, हे दोन्ही प्रश्न विचारण्याची संवय घरोघर लागेल, तर ह्या इतिहासाचें सार्थक झालें असें आम्ही समजूं.