खुब्याची मोडलेली वाटी : शस्त्रक्रियेच्या इतिहासातील दोन प्रवाह

१/ घरातील आजोबा न्हाणीघरात घसरून पडतात. मांडीचे हाड शाबूत असते. पण त्याचा गोल माथा ज्या वाटीत फिरतो, ती कमरेच्या हाडातील वाटीच फुटते. आजोबा पुन्हा चालतील का? या प्रश्नाचे उत्तर कसे बदलत गेले, त्याचा हा धागा.

२/ विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत प्रमुख उपाय म्हणजे पायाला वजन लावून अनेक आठवडे अंथरुणावर पडून राहणे. तरुण शरीर ते सोसत असे. वृद्धांना मात्र शय्याव्रण, न्यूमोनिया आणि रक्ताच्या गुठळ्या गाठत.

३/ १९४६. पॅरिसमध्ये रॉबेर आणि जाँ ज्युदे या बंधूंनी मांडीच्या हाडाला अॅक्रिलिकचा कृत्रिम माथा बसवला. अशाच एका रुग्णाचा सांधा चालताना करकरत असे. ती हकीकत इंग्लंडमधील जॉन चार्नली यांच्या कानी आली आणि ते सांध्यातील घर्षणाचा अभ्यास करू लागले.

४/ रायटिंग्टन रुग्णालयात चार्नली यांनी आधी टेफ्लॉनची वाटी वापरली. ती काही वर्षांतच झिजली. रुग्णांवर पुन्हा शस्त्रक्रिया कराव्या लागल्या. नोव्हेंबर १९६२ पासून त्यांनी पॉलिथिलीनची वाटी आणि धातूचा लहान माथा वापरला. आधुनिक सांधेरोपणाचा पाया तो हाच.

५/ दुसरा प्रवाहही ज्युदे बंधूंपाशीच सुरू होतो. १९६४ मध्ये त्यांनी एमिल लेतुर्नेल यांच्यासह वाटीच्या अस्थिभंगांचे वर्गीकरण प्रसिद्ध केले : पाच साधे प्रकार, पाच संयुक्त. क्ष-किरण चित्रावरून भंग ओळखून तुकडे पट्ट्या व स्क्रूंनी जुळवण्याची शिस्त त्यातून आली.

६/ पण वृद्धांच्या ठिसूळ हाडात स्क्रू नीट धरत नाहीत. कूर्चा चिरडलेली असेल, तर जुळवलेला सांधाही पुढे झिजतो आणि दुसरी शस्त्रक्रिया ओढवते. म्हणून दोन्ही प्रवाह एकत्र आले : आधी हाड स्थिर करायचे आणि त्याच वेळी नवा सांधा बसवायचा. २००२ मध्ये मिअर्स आणि वेलिव्हिस यांनी अशा ५७ रुग्णांचे २ ते १२ वर्षांचे निष्कर्ष मांडले.

७/ हा उपाय सरसकट नाही. तुकडे जागेवरच असतील, तर अनेकदा शस्त्रक्रिया टाळता येते. आणि हाडाचा आधार पक्का नसेल, तर नवी वाटीही सैल होते. तरीही योग्य रुग्णाला लवकर उभे करता येते, आणि वृद्धाच्या बाबतीत अंथरुणातले कमी झालेले दिवस आयुष्यच वाचवू शकतात.