जँगो वयात आलं त्याची गोष्ट

परवा जुन्या सीडींचा ढीग आवरताना एक छोटासा प्रोग्रॅम सापडला. जँगोच्या ०.९६ आवृत्तीवर, म्हणजे २००७ साली लिहिलेला. आजच्या जँगोवर तो चालणार नाही हे ठाऊक होतं, म्हणून नुसताच वाचत बसलो.

जँगोचा जन्म अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स गावचा, तोही चक्क एका वर्तमानपत्राच्या कचेरीतला! २००३ साली ‘लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड’च्या वेब विभागात एड्रियन होलोवाटी आणि सायमन विलिसन पायथनमध्ये साइट्स बनवू लागले. वर्तमानपत्राचं काम, त्यामुळे सगळं आजच्या आज हवं. दर वेळी तेच तेच लिहावं लागू नये म्हणून त्यांनी सामाईक भाग वेगळा काढला. जुलै २००५ मध्ये तो बीएसडी परवान्याखाली सर्वांना खुला झाला. नाव दिलं जॅझ गिटारवादक जँगो राइनहार्टचं.

खुला झाला, पण पक्का नव्हता. तुम्ही लिहिलेलं मॉडेल तो पडद्याआडून भलत्याच ठिकाणी नेऊन ठेवायचा. २००६ च्या ०.९५ आवृत्तीत ही ‘जादू’ काढून टाकली. निर्णय योग्यच होता, पण आधीचा सगळा कोड लोकांना दुरुस्त करावा लागला. तक्रार तरी कशी करणार? आकडा शून्याने सुरू होतो तोवर कुणी कसलाच शब्द दिलेला नसतो.

तो शब्द सप्टेंबर २००८ मध्ये १.० बरोबर मिळाला. यापुढे उगाच काही मोडणार नाही. काढायचंच झालं तर आधी इशारा, मग सवड, मगच गच्छंती. तुम्ही म्हणाल, यात काय विशेष? विशेष हे, की त्या दिवसापासून आपल्या जुन्या चुकाही सांभाळणं आलं. मनात आलं म्हणून घर पाडून नव्याने बांधता येत नाही, कारण आत आता दुसऱ्यांचे संसार असतात.

कोष्टकात एक रकाना वाढवायचा तरी पूर्वी हाताने खटपट करावी लागे, नाहीतर अँड्र्यू गॉडविनचं ‘साउथ’ वेगळं जोडावं लागे. २०१४ च्या १.७ मध्ये ती सोय त्यानेच मूळ जँगोत आणली. पण मला त्या वर्षाची दुसरीच गोष्ट मोठी वाटते. जानेवारीत होलोवाटी आणि जेकब कॅप्लन-मॉस यांनी अंतिम निर्णयाचा आपला अधिकार आपणहून सोडला. पुढे २०२० मध्ये ‘कोअर टीम’ही विसर्जित झाली. जँगोचं काम मात्र थांबलं नाही.

सुविधा काय, कुणीही वाढवतं. दिलेला शब्द पाळणं आणि वेळेवर बाजूला होणं अवघड. आपल्याकडे कितीतरी चांगली कामं करणाऱ्याबरोबरच संपतात, ती बहुधा याच दोन गोष्टींपाशी अडतात.

असो. सीडी मात्र टाकवली नाही.