चार्ज

बँकेत बदली झालेल्या माणसाने जाण्यापूर्वी चार्ज द्यावा, असा नियम आहे. कुठली किल्ली कशाची, कुठल्या कपाटात काय, याची यादी करायची आणि नव्या माणसाची सही घ्यायची. प्रत्यक्षात जाणारा माणूस खणात तीन किल्ल्या, सुकलेले स्टँप पॅड आणि अर्धी सुपारी ठेवून जातो. पहिल्या दोन किल्ल्या लागतात. तिसरी कशाची, हे शोधण्यात नव्या माणसाची उमेदीची वर्षे खर्ची पडतात. माझी पडली आहेत. त्या अनुभवाच्या जोरावरच मी या इंजिनापुढे टिकलो.

सौ.चा धाकटा भाऊ जर्मनीत असतो. दिवाळीला येताना त्याने भाच्यासाठी न्यूरेंबर्गच्या जुन्या बाजारातून आगगाडीचे इंजिन आणले. वीतभराहून लांब, चांगले वजनदार. सोबत रूळ आणि ट्रान्सफॉर्मर. खोका नाही, माहितीपत्रक नाही. "भाऊजी, मस्त चालतं. शिट्टीसुद्धा वाजते, विकणाऱ्यानं सांगितलंय," एवढ्या हमीवर माल ताब्यात आला.

रूळ मांडले तर सव्वा मीटर व्यासाचे वर्तुळ झाले आणि जेवणाचे टेबल गॅलरीत गेले. वीज सोडली. दिवा लागला. इंजिन हलेना. दिवा आणखी प्रखर झाला, पण इंजिन जागचे ढळले नाही. आमच्या शाखेतल्या काही मंडळींची आठवण झाली. मेहुण्याचा चेहरा उतरला. सौ. माझ्याकडे बघू लागली, जणू मीच काहीतरी केले होते. अखेर चिरंजीवांनी ड्रायव्हरच्या केबिनमध्ये नाक घातले आणि बॉयलरमागचे नखाएवढे बटण शोधले. शून्यावर सगळे बंद. एकवर फक्त दिवा. दोनवर दिवा आणि मोटर. तीनवर? दोन रात्री जागून मी निष्कर्ष काढला: तीनवर तेच, जे दोनवर. तिसरी किल्ली जर्मनीतही असते, हे कळून बरे वाटले.

मग मी या इंजिनाची कुळकथा वाचून काढली. लेमान कंपनी १८८१ साली ब्रांडेनबुर्गला निघाली, दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूरेंबर्गला आली. बागेत, पावसापाण्यातही धावावी अशी ही मोठी आगगाडी तिने १९६८ साली बाजारात आणली. आमचे इंजिन ज्याची प्रतिकृती, ते मूळ इंजिन १८९२ साली लिंत्सच्या क्राउस कारखान्यात ऑस्ट्रियातल्या श्टाइन्त्सच्या छोट्या रेल्वेसाठी बनले. रुळांतले अंतर ७६० मिलिमीटर. प्रतिकृती साडेबावीस पट लहान. कॉमर्सच्या माणसाला भागाकार केल्यावाचून राहवत नाही. उत्तर येते पावणेचौतीस मिलिमीटर. आमचे रूळ मोजले तर पंचेचाळीस! अकरा पैशांचा फरक निघाला तर आम्ही रात्री नऊपर्यंत बसतो; इथे अकरा मिलिमीटर खुशाल पुढे ओढले आहेत. कारण असे की मेर्कलिन कंपनीने १८९१ साली लाइपझिगच्या जत्रेत खेळण्यांच्या रुळांना नंबर दिले होते. त्यातला एक नंबर हा पंचेचाळीसचा. मीटर गेजच्या गाड्यांना तो बरोबर बसतो. श्टाइन्त्सच्या इंजिनाने निमूटपणे पाय फाकवले.

राहिली शिट्टी. ती वाजेना. "माझा भाऊ फसला, असं म्हणायचंय का तुम्हाला?" असा प्रश्न ताटासमोर आला, तेव्हा इतिहासात खोल शिरण्यावाचून गत्यंतर उरले नाही.

अडचण साधी आहे. रूळ दोन, म्हणजे तारा दोन. वीज वाढवली की वेग वाढतो, धन-ऋण उलटवले की इंजिन मागे जाते. दोन हुकूम झाले. तिसरा कुठून पाठवायचा? किल्लीच्या इंजिनांना केबिनमध्ये दांड्या असत, एक ब्रेकची, एक उलट जाण्याची. रुळांमधल्या खटक्याला अडकून त्या आपोआप पडत. अमेरिकेतल्या लायोनेल कंपनीच्या गाड्या एसी विजेवर चालत, तिथे उलटवायला धन-ऋणच नाही. म्हणून वीज क्षणभर तोडली की इंजिनातला खटका एक पाऊल सरके: पुढे, थांब, मागे, थांब. हा खटका अडकवून ठेवायची दांडी बॉयलरवरच असे. जुने इंजिन घेणारा ती न बघताच इंजिन बिघडले म्हणून कपाळाला हात लावी. १९३५ साली त्यांनी शिट्टीही दिली. एसीत थोडी डीसी मिसळली की ती वाजे. १९९० च्या दशकात डिजिटल नियम ठरले. तेव्हापासून अशा इंजिनाला खातेक्रमांक असतो आणि ज्याचा क्रमांक त्यानेच हुकूम ऐकायचा. कारखान्यातून येताना तो बहुधा ३. जुन्या मालकाने बदलला असेल तर शोधत बसा.

आमचे इंजिन त्याआधीच्या वळणाचे. त्याची शिट्टी हाताने नव्हे, रुळांमध्ये ठेवलेल्या लोहचुंबकाने वाजते. मी कपाटाच्या दाराचे चुंबक काढून रुळांमध्ये ठेवले. इंजिन वरून गेले आणि घंटा वाजली. घंटा! चुंबक दुसऱ्या बाजूला सरकवले, आणि अशी शिट्टी झाली की शेजारच्या आजोबांनी दार उघडले. मेहुण्याला रात्रीच फोन गेला. कपाटाचे दार तेव्हापासून लागत नाही, पण सौ.ने एका शब्दाने तक्रार केलेली नाही.

दुसऱ्या दिवशी पुसायला म्हणून इंजिन उलटे केले. पोटाखाली, एका बाजूला पेन्सिलीने काढलेली इवलीशी घंटा होती. दुसऱ्या बाजूला शिट्टी. रेघा थरथरत्या, लहान मुलाच्या असतील, नाहीतर फार म्हाताऱ्या हाताच्या. त्या माणसाने चार्ज दिला होता. पंधरा दिवस मीच तो घेतला नव्हता.

रेघा न पुसता मी इंजिन जागेवर ठेवले. एका कागदावर बटणाचे चार आकडे, चुंबकाची डावी-उजवी बाजू नीट लिहिली, खाली तारीख घातली आणि कागद रुळांच्या पिशवीत ठेवला.

जूनमध्ये माझी बदली आहे. टेबलाची यादी आजच तयार करून ठेवली. शेवटची नोंद अशी: "तिसरी किल्ली: कशाचीही नाही. शोधू नये."