तंबोऱ्याची घोडी आणि न पाळला गेलेला नियम

संगीत आणि अभियांत्रिकी एकत्र करून संशोधन करायचंय म्हणता ना? मग सॉफ्टवेअर उघडायच्या आधी एक तंबोरा मिळवा. तार बरोबर मधोमध छेडा आणि लगेच तिथेच बोट अलगद टेकवा.

पुस्तकाप्रमाणे आवाज बंद पडायला हवा. थॉमस यंग आणि हेल्महोल्ट्झ यांचा नियम असा, की तार जिथे छेडली तिथे ज्या स्वरांशांचा निस्पंद बिंदू येतो, ते स्वरांश निर्माणच होत नाहीत. म्हणजे मधोमध छेडली की दुसरा, चौथा, सहावा गेला. उरलेले तुमचं बोट मारून टाकतं. शिल्लक काय? शून्य. पण तंबोऱ्यावर वरच्या सप्तकातला तोच स्वर खणखणीत ऐकू येतो!

१९२१ मध्ये कलकत्त्याला सी. व्ही. रामन यांनी ही विसंगती मांडली, नोबेलच्या नऊ वर्षं आधी. कारण त्यांना घोडीत सापडलं. गिटारची तार एका कडेवर टेकते. तंबोऱ्याची घोडी रुंद आणि किंचित गोलसर असते, त्यामुळे कंप पावताना तार तिला टेकत-सुटत राहते आणि ऊर्जा वरच्या स्वरांशांमध्ये जाते. मध्ये सरकवलेलं सूत ही टेकण्याची जागा नेमकी ठरवतं. यालाच आपण जवारी म्हणतो.

आता इतिहासाकडे या. मिरजेत हे काम एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून चाललंय. सुरुवात केली फरीदसाहेबांनी, शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या कारागिराने. धातू घासायचा सराव असलेला हात घोडीवर कसा आला, हे मला रामन यांच्या निबंधाइतकंच महत्त्वाचं वाटतं. त्यामुळे तुमच्या प्रस्तावात कृपा करून 'रामन यांनी जवारीचा शोध लावला' असं लिहू नका. (मी पहिल्या मसुद्यात लिहिलं होतं. मार्गदर्शकांनी लाल पेनाने खोडलं.) रामन यांनी स्पष्टीकरण दिलं, वस्तू आधीच होती, आणि ती बनवणाऱ्यांना बिघडली तर दुरुस्तही करता येत होती.

अडचण पुराव्याची आहे. रामन यांचा निबंध ग्रंथालयात मिळतो. जवारी काढणारा मात्र कानस फिरवतो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हा फिरवतो, आणि कुठे थांबायचं ते कानाने ठरवतो. माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण सध्या तिथेच अडलंय: हे 'कानाने' तळटीपेत कसं लिहायचं?