कौटुंबिक टिकावाच्या निर्देशांकाची कुळकथा

अवर्षण, कीड किंवा आजारपण यांचा आघात सोसून पुन्हा सावरण्याची जी क्षमता कुटुंबात असते, तिला कौटुंबिक टिकाव म्हणतात. ती थेट मोजता येत नसल्याने जमीन, कर्ज, शिक्षण अशा अनेक बाबींना गुण देऊन त्यांचा एक संमिश्र निर्देशांक काढला जातो. महाराष्ट्रात या मोजमापाचा एक पूर्वज महसूल खात्यात आढळतो. सोळा आणे म्हणजे पूर्ण पीक असे धरून हंगामाचा अंदाज बांधणारी आणेवारी दशमान नाण्यांनंतर पैसेवारी झाली; परंतु तिचे एकक गाव असल्यामुळे अजिंठ्याच्या डोंगररांगेलगतच्या सोयगाव तालुक्यात विहिरीवर कापूस भिजवणारा शेतकरी, कोरडवाहू शेतकरी आणि वेचणीला जाणारी भूमिहीन मजूर स्त्री हे सारे एकाच आकड्यात मोडतात.

१९७१ मध्ये पुण्याच्या गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी माणशी रोजच्या २२५० कॅलरी पुरवणाऱ्या खर्चावरून दारिद्र्याची सीमा आखली, तेव्हा मोजमाप गावाकडून घराच्या खर्चाकडे वळले. पुढे २००२ च्या दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांच्या सर्वेक्षणात जमीन, घर, अन्नसुरक्षा, कर्ज, स्थलांतराचे कारण इत्यादी १३ निदर्शकांना प्रत्येकी शून्य ते चार, म्हणजे एकूण ५२ गुण ठेवण्यात आले. सर्व निदर्शक समान वजनाचे आणि शेवटी नुसती बेरीज, यामुळे माणशी कपड्यांच्या संख्येला मिळालेले गुण अन्नाच्या शून्याची भरपाई करू शकत. २०११ च्या सामाजिक-आर्थिक व जातनिहाय गणनेत ही बेरीज सोडून देण्यात आली.

टिकावाची संकल्पना मात्र दुसऱ्या घराण्यातली आहे. पर्यावरणशास्त्रज्ञ सी. एस. हॉलिंग यांनी १९७३ मध्ये ती परिसंस्थांसाठी मांडली, आणि २००८ च्या सुमारास संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने ती कुटुंबाला लावून मूलभूत सेवा, मालमत्ता, सामाजिक सुरक्षा आणि जुळवून घेण्याची क्षमता या आधारस्तंभांवर निर्देशांक उभारला, ज्यात निदर्शकांची वजने आधी ठरवून न देता जमवलेल्या माहितीतील परस्परसंबंधांवरून काढली जातात.

तरीही एकदाच घेतलेला आकडा कुटुंबाची त्या दिवसाची स्थितीच सांगतो. विहीर असलेले पण कर्जात बुडालेले घर आणि विहीर नसूनही रोजगार हमीच्या कामावर तगलेले घर यांतील फरक आघातानंतर त्याच घरांची पुन्हा मोजणी केल्यावरच कळतो. अशा फेरमोजणीवाचून टिकावाचा निर्देशांक ही दारिद्र्याच्या यादीचीच नवी आवृत्ती ठरते.