तमर हिंदी : लेबनॉनचे चिंचेचे सरबत

लेबनॉन, सीरिया, पॅलेस्टाईन आणि जॉर्डन या पूर्व भूमध्य प्रदेशातील देशांत चिंचेचे थंड सरबत ‘तमर हिंदी’ या नावाने ओळखले जाते. अरबीत ‘तम्र’ म्हणजे खजूर. तेव्हा शब्दशः अर्थ होतो ‘हिंदुस्थानचा खजूर’. चिकट, तपकिरी, गोडसर आंबट असा हा सुका गर अरब व्यापाऱ्यांना आपल्या ओळखीच्या खजुरासारखा भासला असावा. याच नावावरून युरोपीय भाषांतील ‘टॅमरिंड’ हा शब्द आला आणि पुढे लिनीअसने १७५३ मध्ये झाडाला ‘टॅमरिंडस इंडिका’ असे नाव दिले. त्या नावात हिंदुस्थानचा उल्लेख दोनदा येतो, आणि गंमत अशी की झाड मूळचे आफ्रिकेतले.

लेबनॉनमध्ये हे पेय विशेषतः रमजानचे. दिवसभराच्या निर्जळी उपवासानंतर इफ्तारच्या वेळी जर्दाळूच्या पोळीचे ‘कमर अल-दीन’, गुलाबपाणी घातलेले ‘जल्लाब’ आणि ज्येष्ठमधाचे ‘सूस’ यांच्या जोडीला ते ठेवले जाते. एरवी उन्हाळ्यात सर्वच धर्मांचे लोक ते पितात. जुन्या शहरांत पाठीवर मोठे पितळी पात्र बांधलेले फिरते विक्रेते आजही दिसतात. पितळी वाट्या एकमेकींवर वाजवून ते गिऱ्हाईक बोलावतात आणि कमरेत वाकून पात्राच्या लांब तोटीतून पेला भरतात.

चिंच लेबनॉनला परदेशातून आणावी लागते. आपल्याकडे ती घरातच असते. तरीही आपल्या सवयीने केलेले सरबत तमर हिंदीसारखे होत नाही, याची कारणे दोन.

पहिले कारण मीठ. महाराष्ट्रात व गोव्यात वर्षभरासाठी चिंच साठवताना तिला मीठ लावून गोळे करण्याची पद्धत आहे. आमटीला ती उत्तम. पण या सरबतात मीठ लगेच कळते आणि धुऊनही पुरते जात नाही. म्हणून बिनमिठाची चिंच मुद्दाम मागून घ्यावी. शक्यतो जुनी, काळपट झालेली घ्यावी. नव्या चिंचेचा रंग फिका येतो.

दुसरे कारण पिळणे. आमटीसाठी आपण चिंच कुस्करून दाट कोळ काढतो. तमर हिंदी मात्र पातळ, गडद आणि बरेचसे नितळ असावे लागते. काही घरांत गर हाताने चोळून मग गाळतात, परंतु फडके पिळले की तंतू आणि गराचा चिकटपणा खाली उतरतो, सरबत गढूळ होते आणि जिभेवर बुळबुळीत लागते. येथे घाई करण्यात काही अर्थ नाही.

साधारण २५० ग्रॅम चिंचेतील शिरा व टरफलाचे तुकडे काढून ती दीड लिटर कोमट पाण्यात ८ ते १० तास भिजवावी. कोकणातल्या किंवा हैदराबादेतल्या उन्हाळ्यात रात्रभर बाहेर राहिलेले पाणी आंबू शकते, म्हणून गार झाल्यावर भांडे फ्रिजमध्ये ठेवावे. भांडे काचेचे किंवा स्टीलचे असावे. ज्या टार्टारिक आम्लामुळे चिंचेने पितळ लखलखते, तेच आम्ल पितळ, तांबे व ॲल्युमिनियमचा अंश पाण्यात उतरवते. भिजलेली चिंच बोटांनी हलकेच सुटी करावी, चिंचोके वेगळे करावेत आणि सारे मिश्रण मलमलीच्या दुहेरी फडक्यात घालून टांगून ठेवावे. तास-दोन तासांत सुमारे लिटरभर पाणी आपोआप ठिबकते. उरलेला चोथा टाकण्याचे कारण नाही. चटणीला तो चालतो.

या पाण्यात ७५० ग्रॅम साखर विरघळवून मंद आचेवर १५ ते २० मिनिटे उकळावे आणि वर येणारा फेस काढत राहावे. तार येण्याची वाट पाहू नये. गरम असताना ते पातळच दिसते, गार झाल्यावर किंचित दाटते. गूळ घातल्यास चव बरी लागते, पण ते पन्ह्याच्या अंगाने जाते.

गार झाल्यावर दोन चमचे लिंबाचा रस आणि एक मोठा चमचा ‘माझहर’ घालावे. माझहर म्हणजे कडू संत्र्याच्या फुलांचा अर्क. दक्षिण लेबनॉनमधील सैदा शहराजवळचे मगदूशे हे गाव त्यासाठी प्रसिद्ध आहे. लेबनॉनी चव ठरते ती मुख्यतः याच अर्काने. गरम पाकात घातल्यास त्याचा सुगंध उडून जातो, म्हणून तो शेवटीच घालावा. आखाती देशांत नोकरीस असलेल्यांना तो तेथील किराणा दुकानांत सहज मिळतो. न मिळाल्यास चांगले गुलाबपाणी वापरावे. सीरियातही ते वापरतात. केवडा मात्र घालू नये, तो चिंचेला झाकून टाकतो.

हा पाक स्वच्छ, कोरड्या बाटलीत भरून फ्रिजमध्ये दोन-तीन आठवडे टिकतो. पिताना एका भागास तीन ते चार भाग थंड पाणी आणि भरपूर बर्फ घ्यावा. वर भिजवलेले चिलगोजे टाकण्याची पद्धत मूळची जल्लाबची, पण काही ठिकाणी तमर हिंदीतही ते तरंगताना दिसतात. चिंच सौम्य सारक आहे, त्यामुळे रिकाम्या पोटी एक पेला पुरे.